अंगठीचा हात हाल्वोरचा

ओडवारचा नेम चुकावा म्हणून मी चाचणीच्या मैदानावर उभी राहून मनातल्या मनात देवाला गळ घालत होते. बायकोने नवऱ्यासाठी असलं काही मागू नये, हे मलाही कळतं. पण मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या रानटी हरणाच्या, शिकारीला जायचं तर दर वर्षी ही नेमबाजीची चाचणी द्यावीच लागते, आणि जो नापास होतो त्याची बंदूक त्या वर्षी कपाटातच राहते. मला तेवढंच हवं होतं. म्हणजे त्याला कोणी काही सांगायला नको, आणि मलाही कोणाला काही सांगायला नको.

तो गुडघा टेकून बसला, दस्ता गालाला लावला आणि एकदम पूर्वीचा ओडवार झाला. खांदे सैल, श्वास संथ. सकाळी याच माणसाने लोणी ब्रेडला लावायच्या ऐवजी ताटलीला लावलं होतं. पाच गोळ्या झाडून झाल्या आणि पुठ्ठ्याचा मूस जवळ आणला, तेव्हा पाचही भोकं एका बशीखाली झाकली गेली असती. आमचा जावई स्टाइनार हा इथल्या शिकारी टोळीचा प्रमुख. तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, "हे आमचे आजोबा." स्वतःच्या मुलीचं ऐकून तोही आम्हाला आजी-आजोबाच म्हणतो.

टोळीने टाळ्या वाजवल्या. शेजारचा हाल्वोर म्हणाला की या दक्षिणेकडच्या लोकांना बघायला डोंगर नाहीत, म्हणून बिचारे जन्मभर पुठ्ठ्याकडे बघत बसतात. हाल्वोर म्हणजे काटकुळा, बिनलग्नाचा माणूस, आणि त्याची जीभ माझ्यापेक्षा थोडीशीच कमी तिखट आहे. ओडवार खळखळून हसला. मग आम्ही परत निघालो, तर ओडवार सरळ एका लाल गाडीपाशी गेला आणि दार ओढू लागला. आमची गाडी राखाडी आहे. स्टाइनार म्हणाला, "हल्ली सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात."

हे असं. त्याच्यासाठी सबब शोधायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. लोकच ती आणून द्यायचे.

आम्ही मूळचे खाली दक्षिणेचे, सपाट पाइनच्या जंगलातले. ओडवारने तिथे उभी हयात मूसची शिकार केली. त्या जंगलात त्याला डोक्याची गरजच नव्हती, पायांना सगळं ठाऊक होतं. म्हणून गेल्या हिवाळ्यात त्याचं डोकं निसटायला लागलं, तरी बाहेर कोणाला पत्ता लागला नाही. घरात मला लागला. एकदा त्याने पक्ष्यांच्या दाण्यांच्या डब्यात कॉफीच्या बिया भरून तो खिडकीबाहेर टांगला, आणि पक्षी का येत नाहीत म्हणून दोन दिवस माझ्यावरच वैतागला. मग वसंतात आमची मुलगी इंगुन मागे लागली. तिच्या शेतावर अंगणात म्हाताऱ्यांसाठी बांधलेलं छोटं घर रिकामं होतं. बर्फ काढायला नको, जिने नकोत, नात जवळ. आम्ही आलो. आणि इथे चहूकडे डोंगर. ओडवारच्या पायांना यातला एकही दगड ओळखीचा नव्हता.

पण गंमत बघा. तो वाट चुकला की लोक म्हणत, नव्या डोंगरात कोणीही चुकतं. नाव विसरला तर म्हणत, एकदम इतकी नवी माणसं कोण लक्षात ठेवणार. मी इंगुनला दोनदा सांगायचा प्रयत्न केला. पहिल्या वेळी ती म्हणाली, आई, तुला बाबांमध्ये खोट काढल्याशिवाय जेवण जात नाही. दुसऱ्या वेळी रडायला लागली. मग मी गप्प बसले. माझ्या बोलण्याला सगळं गाव घाबरतं, पण मुलगी रडायला लागली की माझी वाचा बसते. डॉक्टरकडे नेलं, तर तिथे डोकं तपासायला काढायला लावलेलं घड्याळाचं चित्र ओडवारने काटे-बिटे घालून अगदी सुबक काढलं. डॉक्टर म्हणाले, तज्ज्ञांकडे पाठवतो, नोव्हेंबरमध्ये तारीख मिळेल, तोवर लक्ष ठेवा. लक्ष तर मी ठेवतच होते. शिकार सप्टेंबरच्या शेवटी होती.

चाचणीतला तो नेम बघून टोळीने एक गोष्ट ठरवली. इथे कुत्री मूसना हाकतात आणि शिकारी आपापल्या बैठकीवर दबा धरून बसतात; पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला सगळ्यात चांगली बैठक देतात, तो या लोकांचा मान आहे. ही बैठक म्हणजे 'पाद्र्याची खुर्ची', वर उतारावरचा खुर्चीसारखा मोठा दगड. तिथे बसलं की खाली तळं दिसतं, एका बाजूला मोकळी दलदल. दुसऱ्या बाजूला बर्चच्या झाडांची दाट टेकडी, आणि त्या टेकडीआड कोरड्या ओढ्यात हाल्वोरची बैठक. हाल्वोर तिथून दिसत नाही. दलदलीच्या बाजूला हवी तेवढी गोळी झाडा. बर्चच्या बाजूला बंदुकीचं तोंडही वळवायचं नाही.

म्हणून टोळीचा एक कडक नियम आहे. शिकारीआधीच्या रविवारी सगळे मिळून डोंगरावर जातात आणि नव्या माणसाला त्याच्या बैठकीवर उभं करतात. शेजारी कोण कुठे बसलाय आणि गोळी कुठे झाडायची, ते त्याने सगळ्यांसमोर हात करून दाखवायचं. ज्याला दाखवता येत नाही त्याला कोणी टाकून बोलत नाही. त्याला फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी शेजारी बसवतात, बिनबंदुकीचा. ही तजवीज मला फार आवडली. चाचणीने जे केलं नाही ते रविवार करील, असं मी धरून चालले.

त्या आठवड्यात एका दुपारी मी बाहेरून आले तर ओडवार स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसला होता. कोपरे उडू नयेत म्हणून एका बाजूला कॉफीचं भांडं, दुसऱ्या बाजूला जॅमची बरणी. तो बराच वेळ तसाच बसला असावा, कारण कॉफी गार झाली होती.

"टुरिड," तो म्हणाला, "हे माझ्या डोक्यात राहत नाही."

"नवीन जागा आहे," मी म्हटलं. लोकांच्या तोंडून जे ऐकून माझा तिळपापड व्हायचा, तेच माझ्या तोंडून निघालं.

"नाही. तुला माहितीये. मलाही माहितीये." त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. "रविवारी सगळ्यांसमोर हात करून दाखवायचंय. तेवढं माझ्याकडून करून घे. फक्त हे एक वर्ष."

डॉक्टरकडे जाऊन आलो तरी तोपर्यंत आमच्यात हा विषय कधी निघाला नव्हता. मी त्याच्यापासून लपवत होते आणि तो माझ्यापासून, एकाच घरात, एकाच पांघरुणात. मला त्याचा इतका राग आला, आणि त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की यातलं कोणतं पुढे करावं ते कळेना. या माणसाने जन्मात माझ्याकडे कॉफीखेरीज काही मागितलं नव्हतं. नाही म्हणायला हवं होतं. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

नकाशाचा उपयोग नव्हता. डावं-उजवं तो हल्ली उलटसुलट करायचा. झाडं सगळी सारखी, डोंगर सगळे सारखे. मग माझ्या लक्षात आलं की तो विचारात पडला की अंगठ्याने लग्नाची अंगठी फिरवतो. तिकडे बघावंही लागत नाही, हाताला कळते. ती उजव्या हातात. खुर्चीवर तळ्याकडे तोंड करून बसलं की त्याच बाजूला बर्च आणि हाल्वोर. मी त्याच्याकडून घोकून घेतलं: अंगठीचा हात हाल्वोरचा, मोकळा हात दलदलीचा. गाजरं सोलताना, दाढी करताना, बूट घालताना. आमची नात तिरिल दोरीवरच्या उड्या मारताना तेच म्हणायला लागली. मेंढ्यांच्या वाटेने त्याला वर खुर्चीवरही नेलं, तळ्याकडे तोंड करून बसवलं, आणि तिथेही तेच. तिसऱ्या फेरीला त्याने मी विचारायच्या आत दोन्ही हात पसरून दाखवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी त्या दगडावरच त्याच्या थंडगार कानाचा मुका घेतला.

मी त्याला डोंगर शिकवला नव्हता. हात शिकवले होते. तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवारी अख्खी टोळी वर गेली, बायका-पोरांसकट, थर्मास आणि वॅफल घेऊन. स्टाइनारने ओडवारला दगडावर बसवलं आणि विचारलं. ओडवारने अंगठ्याने अंगठी चाचपली आणि उजवा हात बर्चकडे केला: "इकडे हाल्वोर. इकडे बंदूक नाही." डावा हात दलदलीकडे: "इकडे झाडायची." क्षणभरही अडखळला नाही. टेकडीमागून हाल्वोरने काठीवर लाल टोपी उंच धरली आणि ओरडला की आपलं मटण फार चिवट आहे, कालवणाला उपयोग नाही, सगळ्यांनी लक्षात ठेवावं. लोक हसून बेजार झाले. स्टाइनार तरुण पोरांना म्हणाला, आजोबांसारखं पाठ पाहिजे. खरं सांगते, माझी छाती फुगली. मीच शिकवलेला विद्यार्थी होता तो.

उतरताना ओडवार माझ्या दंडाला धरून चालत होता. थोडं खाली आल्यावर त्याने पुढे चाललेल्या उंच माणसाकडे हनुवटीने दाखवलं आणि हळूच विचारलं, "याचं नाव काय?"

तो स्टाइनार होता. तिरिल शाळेत जाते, आता हिशेब तुम्हीच करा की तो आमचा जावई कधीपासून आहे. मी नाव सांगितलं. "माहितीये मला," ओडवार फणकाऱ्याने म्हणाला.

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी टोळीचा प्रमुख सगळ्यांना जेवायला घालतो. मोठ्या पातेल्यात मटण आणि कोबी, मिरीचे आख्खे दाणे, बरोबर उकडलेले बटाटे. इंगुनच्या घरात माणसांच्या वाफेने खिडक्या धुरकटल्या होत्या. ओडवारला टेबलाच्या वरच्या टोकाला मानाने बसवलं होतं आणि हाल्वोर त्याच्या ताटात मटणाचे तुकडे टाकत होता, उद्या आपल्याला सोडून द्यावं म्हणून ही लाच आहे असं सांगत. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा स्टाइनारने चमच्याने ग्लासवर टकटक केली. वारा फिरलाय, तो म्हणाला. उद्या डोंगरावरून खाली वाहणार. म्हणजे कुत्री तळ्याकडून सोडून उपयोग नाही, आपला वास खालून येणाऱ्या मूसना आधीच लागेल. उद्या कुत्री वरून सोडायची, मूस वरून खाली येतील. बैठका त्याच, फक्त तळ्याकडे पाठ करायची आणि तोंड डोंगराकडे.

सगळ्यांनी माना डोलावल्या. ओडवारनेही डोलावली. आणि टेबलावर ठेवलेल्या उजव्या हाताची अंगठी अंगठ्याने फिरवली.

मी काटा खाली ठेवला. डोंगराकडे तोंड केलं की त्याचा अंगठीचा हात दलदलीकडे जाणार होता. आणि मोकळा हात, ज्या बाजूला हवी तेवढी गोळी झाडायची तो हात, हाल्वोरकडे. आणि नेम तर त्याचा अजिबात चुकत नव्हता.

स्टाइनार बटाटे आणायला स्वयंपाकघरात गेला तशी मी त्याच्या मागे गेले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. मी म्हटलं, ओडवारला उद्या दुसऱ्या कोणाबरोबर बसव.

"का? बरं नाहीये का त्यांना?"

"तो गोंधळतो."

"आजी, नव्या डोंगरात कोण गोंधळत नाही? रविवारी त्यांनी केलं तसं माझ्या टोळीत कोणाला जमलं नसतं."

"ते मी पाठ करून घेतलं होतं."

"मग? मला माझ्या बापाने कानाला धरून पाठ करायला लावलं होतं." तो हसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. भला माणूस आहे, हीच तर अडचण. तो पुढे म्हणाला की आजोबांना खुर्चीवरून उठवलं तर टोळी काय म्हणेल, मान देऊन काढून घ्यायचा? तेवढ्यात इंगुन रिकामी ताटं घेऊन आत आली. आमचे चेहरे बघूनच तिला कळलं. ती म्हणाली, "आई, आज नको. बाबा किती खूश आहेत बघ तरी."

मी दारातून बघितलं. हाल्वोर काहीतरी सांगत होता आणि ओडवार डोळे पुसत हसत होता. इथे आल्यापासून तो असा हसला नव्हता. आजाराचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं आणि बटाट्यांचं भांडं उचलून बाहेर नेलं. मी भित्री नाही, आयुष्यात कधी नव्हते. पण त्या दारात मी भित्री झाले.

घरी आल्यावर मी दुसरा उपाय करून पाहिला. ओडवारला स्टुलावर बसवलं, उलटं शिकवायला घेतलं. उद्या अंगठीचा हात दलदलीचा, मोकळा हात हाल्वोरचा. तो म्हणाला, हाल्वोर दलदलीत कशाला जाईल? मी परत सांगितलं. तो म्हणाला, अंगठीचा हात हाल्वोरचा. मी म्हटलं, तो कालपर्यंत. त्याने दोन्ही हात समोर धरले आणि आळीपाळीने बघितलं, जणू ते दुसऱ्याचे होते. मग म्हणाला, मोकळा हात हाल्वोरचा आणि अंगठीचा पण हाल्वोरचा? शेवटी चिडला. मी त्याला मुद्दाम गोंधळात पाडते, त्याने जाऊ नये असं मला पहिल्यापासूनच वाटतंय, असं म्हणाला. यातलं दुसरं खरंच होतं. मी थांबले. कारण आता त्याच्याकडे जुनंही राहिलं नव्हतं आणि नवंही आलं नव्हतं.

पहाटे मी उठून कॉफी केली, थर्मास भरला, तपकिरी चीजचे सँडविच कागदात गुंडाळले. आजवर शिकारीच्या सकाळी असंच करत आले, हात आपोआप चालतात. अंगणात स्टाइनारची गाडी चालू होती, मागे पिंजऱ्यात कुत्रा कुंईकुंई करत होता, माणसं जमत होती. ओडवार कपडे करून टेबलाशी बसला होता. मी भांडी घासायचा साबण घेतला, त्याचा उजवा हात ओढला आणि अंगठी काढायला लागले. ती डाव्या हातात घालायची, म्हणजे सगळं परत बरोबर होईल. बाकी काही सुचत नव्हतं. त्याच्या बोटाचं पेर सुजलेलं, अंगठी तिथे येऊन अडकायची. मी ओढत होते.

"का काढतेस?" त्याने विचारलं. आवाज लहान झाला होता. "मी काय केलं?"

तेव्हा मी रडले. मग त्याला सांगितलं, सगळं, हळूहळू, जसं दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं. वारा फिरला. तू उलटा बसणार. तू इकडे झाडशील आणि इकडे हाल्वोर असेल. आणि नवल म्हणजे त्याला कळलं. त्याचा चेहरा स्वच्छ झाला, मैदानावर झाला होता तसा. साबणाचा हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला.

"हाल्वोर चांगला माणूस आहे," तो म्हणाला.

"हो."

"तू सांग त्यांना. माझ्याने नाही सांगवणार."

"नक्की ना ओडवार?"

"जा. आत्ताच जा."

मी तशीच गेले, हात साबणाचे. अंगणात सगळे होते. मी स्टाइनारला बाजूला बोलावलं नाही. एकदा बाजूला बोलावून पाहिलं होतं. सगळ्यांसमोर म्हटलं की ओडवारला विसरण्याचा आजार आहे, गेल्या हिवाळ्यापासून, डॉक्टरांना माहीत आहे, रविवारी त्याने दाखवलं ते हात होते, त्याला डोंगर कळलेला नाही. आज तो उलटा बसला तर हाल्वोरवर गोळी झाडेल.

इंगुन पायरीवर होती, तिने तोंडावर हात धरला. हाल्वोर जमिनीकडे बघत म्हणाला की रविवारी ओडवारने त्यालाही दोन-तीनदा नाव विचारलं होतं. मग बोलला का नाहीस, असं मी त्याला विचारणार होते. पण त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मला ते विचारवेना. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, असं एखाद्या पुरुषाला कसं विचारायचं, हा इथला सगळ्यांचाच प्रश्न. स्टाइनारने फक्त "आजी, आधी..." एवढंच म्हटलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

तेवढ्यात आमच्या घराचं दार उघडलं आणि ओडवार बाहेर आला. लाल टोपी, पाठीवर पिशवी, खांद्यावर बंदूक, बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या. थर्मासही विसरला नव्हता. त्याच्याकडे बघून कोणालाही वाटलं असतं की टोळीतला सगळ्यात तयार माणूस हाच.

"चला स्टाइनार," तो म्हणाला. नावसुद्धा बरोबर घेतलं.

स्टाइनार दोन पावलं पुढे आला आणि मऊ आवाजात म्हणाला, "आजोबा, आज तुम्ही आमच्याबरोबर खाली गाडीपाशी बसा. शेकोटी करू, कॉफी करू."

"का?"

स्टाइनारला खोटं बोलता येत नाही. "आजींनी सांगितलं," तो म्हणाला.

ओडवार माझ्याकडे वळला. "काय सांगितलंस तू?"

"ओडवार, तूच म्हणालास ना, जा आणि सांग म्हणून. आत्ता. आत."

"मी?" त्याने टोळीकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. त्याच्या डोळ्यांत काही लपवलेलं नव्हतं. आतलं ते बोलणं त्याच्या डोक्यातून गेलं होतं, मी अंगण ओलांडून येईपर्यंत. "मी असं का म्हणेन?"

आमच्या स्वयंपाकघरात आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. माझ्या बाजूने बोलणारा एकच माणूस होता आणि तो समोर लाल टोपी घालून उभा होता. पिंजऱ्यात कुत्रा भुंकत होता. ओडवारने खांद्यावरून बंदूक उतरवली, नियमाप्रमाणे रिकामी आहे की नाही ते तपासलं, गोळी भरायचा बोल्ट उघडा ठेवला आणि ती स्टाइनारच्या हातात दिली. शेकोटीसाठी तो थांबला नाही. मग माझ्या शेजारून, मला धक्का न लावता, घरात गेला.

दुपारी डोंगरावरून गोळ्यांचे आवाज आले. तो खिडकीशी बसून होता, टोपी अजून डोक्यावर. संध्याकाळी हाल्वोर वाट्याचं मांस घेऊन आला, इतरांइतकाच मोठा वाटा, आणि ओडवारला म्हणाला की आजची खुर्ची रिकामीच ठेवली होती, कोणाला बसू दिलं नाही. ओडवारने त्याचे आभार मानले. मग विचारलं, तुमचं नाव काय म्हणालात?

आता खिडकीपर्यंत बर्फ आलाय. नोव्हेंबरची तारीख होऊन गेली, आजाराला कागदावर नाव मिळालं, इंगुन आता रोज येते आणि मला काही बोलत नाही. ओडवार दक्षिणेतलं आमचं जंगल विसरला. राखाडी गाडी विसरला. तिरिलला कधी कधी माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारतो. सगळं एकेक करून गळून पडतंय, आणि ती सकाळ तेवढी चिकटून राहिलीय. घरी कोणीही आलं, पोस्टमन आला तरी, तो सांगतो, "मी शिकारीला निघालो होतो. सगळी तयारी झाली होती. हिने जाऊ दिलं नाही."

पाहुणे माझ्याकडे बघतात. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, की असं नव्हतं, त्यानेच मला पाठवलं होतं. मग ओडवारचा चेहरा लाल व्हायचा आणि तो म्हणायचा की आता ही खोटंही बोलते. म्हणून मी आता समजावत नाही.

"हो," मी म्हणते, "मीच जाऊ दिलं नाही."

तेव्हा तो शांत होतो. निदान कबूल तरी करते, असं पाहुण्यांना सांगतो, आणि कॉफीसाठी कप माझ्यापुढे धरतो.